एकनिष्ठेचा धडा

विद्यार्थिमित्रहो, व्यभिचाराचा निषेध करणारी आज्ञा आपण बालपणीच मुखोद्गत करतो. तथापि, काय करू नये एवढेच ती सांगते. एकनिष्ठ राहणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हा धडा मनुष्यांच्या चरित्रांतूनच शिकावा लागतो. असे एक चरित्र आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शेजारी, नगर शहरी घडले आहे.

कविवर्य नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र आपला धर्म सोडला नाही. बालवयात विवाह झालेली ही स्त्री लहानग्या मुलासह आप्तांच्या आश्रयास राहिली. पती हयात असूनही संसार उरला नाही, अशी तिची स्थिती झाली. टिळक नगरास मिशनच्या कार्यात होते.

त्या काळी १८६६ चा एक कायदा अमलात होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने संबंध तोडल्यास, न्यायालयाकडून विवाह रद्द करवून पुन्हा विवाह करण्याची मुभा ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्याने दिली होती. टिळकांनी त्या वाटेने पाऊल टाकले नाही. त्यांनी पत्रव्यवहार राखला आणि पत्नीसाठी घरातील जागा मोकळी ठेवली. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या आपले आचार पाळूनच. पौल प्रेषिताने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, विश्वास न ठेवणारी पत्नी सोबत नांदण्यास राजी असेल तर पतीने तिला टाकू नये, असे शिकविले आहे. टिळकांचे वर्तन या शिकवणीस धरूनच झाले. अखेर १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

टिळक निर्दोष पती होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा शीघ्र कोप आणि न सांगता घर सोडून जाण्याची सवय लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात निर्भीडपणे लिहून ठेवली आहे. यावरून असे दिसते की, एकनिष्ठा ही निर्दोष माणसांचीच मिरास नव्हे. दोष असलेली दोन माणसे एकमेकांस दिलेला शब्द रोज नव्याने पाळतात, तिचेच नाव एकनिष्ठा. अर्थात, छळ मुकाट्याने सोसणे म्हणजे निष्ठा नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता आपल्या काळाकडे वळू. विवाह अद्याप दूर आहे, तेव्हा हा विषय आमचा नव्हे, असे कित्येक विद्यार्थी म्हणतील. परंतु मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू या पापाचे मूळ दृष्टीत व अंतःकरणात दाखवितो. आज ती दृष्टी हातातील मोबाईलवर खिळलेली असते. तेथे मनुष्यदेह विक्रीच्या मालाप्रमाणे मांडला जातो. एखाद्या सहाध्यायिनीचे छायाचित्र थट्टेसाठी चार जणांस पाठविणारा मुलगा तिला व्यक्ती न मानता वस्तू मानावयास शिकतो. उलट, जो ते पुढे न पाठविता पुसून टाकतो आणि पाठविणाऱ्यास हटकतो, तो भावी संसाराची पहिली वीट रचतो. मैत्रीतील गुपित राखणे, दिलेला शब्द पाळणे आणि दुसऱ्याच्या नकारास मान देणे, हे याच अभ्यासाचे पाठ होत.

पालकांनाही एक विनंती आहे. आई घरी नसताना वडील तिच्याविषयी काय बोलतात आणि वडिलांच्या मागे आई काय बोलते, ते मुले ऐकत असतात. विवाहावरील कोणत्याही प्रवचनाहून हा पाठ अधिक खोल रुजतो. मुलाचे पाऊल चुकल्यास त्याला घराचे दार बंद करू नये. दोषी ठरविलेल्या स्त्रीवर दगड उगारणाऱ्यांना प्रभूने थांबविले, तिला शिक्षा न देता जाऊ दिले आणि पुन्हा पाप न करण्यासही बजाविले. क्षमा व शिस्त या दोहोंस आपल्या घरात जागा असली पाहिजे.

बंधुभगिनींनो, एकनिष्ठा विवाहाच्या दिवशी आयती लाभत नाही. तिचा अभ्यास विद्यार्थिदशेतच आरंभावा, हेच इष्ट होय.