अर्धा मिलिमीटर आणि दोन कप कॉफी

"मॅडम, आज साइट टार्गेटवर थांबतच नाहीये. नुसती नाचतेय."

"सकाळपासून काय काय प्यायलीस?"

"कॉफी. दोन कप, कडक. रात्री अभ्यासाला जागले होते. एरवी सकाळचा एक चहा, बस. पण मॅडम, तोल गेल्यासारखं काही वाटत नाहीये."

"तोल गेलेलाच नाही. तो सांभाळतात कानाचा आतला भाग, डोळे आणि तळपायांकडून, सांध्यांकडून मिळणारी जाणीव. धडधाकट माणसाचं हे गणित कपभर कॉफीनं सहसा बिघडत नाही. रायफल खाली ठेव. हात पुढे कर, बोटं ताण. हा कागद ठेवते वर. आता त्याची कड बघ."

"अगंबाई, थरथरतेय!"

"माझ्या हातावर ठेवलास तरी थरथरेल, जरा कमी. सगळ्यांचाच हात सेकंदाला ८ ते १२ वेळा थरथरतो, एरवी दिसत नाही एवढंच. कॉफीनं ती थरथर वाढवली. आपल्या एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तोही १० मीटरवर. तिथं एवढंसंही खूप होतं."

"पण कॉफीनं तर तरतरी येते ना?"

"येते की. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि 'आता पुरे, थांब' असं सांगत राहतं. कॅफिनची ठेवण त्याच्यासारखीच, म्हणून ते त्याच्या जागा अडवून बसतं आणि निरोप पोचतच नाही. झोप उडते. पण सोबत अ‍ॅड्रेनलिनही वाढतं, मॅचच्या धडधडीत वाढतं तेच. धावणाऱ्याला ते हवंच असतं, आपल्याला हात शांत लागतो. म्हणून तर नेमबाजीत थरथर कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांवर बंदी आहे. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं त्यापायी काढून घेतली."

"आणि कॅफिनवर?"

"२००४ पासून बंदी नाही."

"मग आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला नुसता काळा चहा घेऊन ब्राँझ मारलं, ते?"

"एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन. तुझ्या दोन कडक कॉफींत त्याच्या कितीतरी पट गेलं असेल. त्यात तुला कॉफीची सवय नाही. रोज घेणाऱ्याचं अंग सरावतं, थरथर कमी जाणवते. आणि खरं सांगू? जागरणच नको होतं गं. परीक्षा आधी माहीत असते, अभ्यास दिवसा कर."

"म्हणजे मॅचच्या दिवशी चहाही बंद?"

"नाही! रोजचा चहा एकाएकी तोडलास की डोकं धरेल, चिडचिड होईल. रोज जितका, तितकाच आणि त्याच वेळेला. वहीत गुणांशेजारी चहाची वेळ लिहायला लाग. महिनाभरात तुझं तुलाच दिसेल."

"आज काय करू?"

"रायफल केसमध्ये ठेव. प्यायलेलं कॅफिन निम्म्यावर यायलाच पाचेक तास लागतात. घरी जा, जेव, पड जरा."

"मॅडम, कागद नेऊ? आईच्या हातावर ठेवून बघायचाय. ती दिवसाला सहा कप घेते."