पंगत आणि काला : मराठी साहित्यातील सहभोजनाच्या आनंदाचे स्वरूप

मराठीत ‘भोजनभाऊ’ असा एक शब्द आहे. केवळ जेवणापुरती सोबत करणारा आणि कामाची वेळ येताच दिसेनासा होणारा मनुष्य, हा त्याचा अर्थ. या शब्दातील उपहास लक्षात घेता, एकत्र खाण्यातून जुळणाऱ्या स्नेहाकडे भाषेने काहीशा संशयानेच पाहिले असे वाटते. मात्र चवीची जाण असणाऱ्या ‘खवय्या’विषयी हीच भाषा कौतुकाने बोलते. खवय्याला खवय्याची ओढ असते. एकट्याने चाखलेल्या उत्तम पदार्थाची चवही अपुरी वाटते आणि शेजारच्याने मान डोलावली की तीच चव दुणावते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु हा आनंद नेमका कशाने सिद्ध होतो आणि तो कोणाच्या वाट्याला येऊ शकतो, हे प्रश्न वाटतात तितके साधे नाहीत. प्रस्तुत लेखात पैठणची संतपरंपरा आणि आधुनिक दलित लेखन यांतील काही प्रसंगांच्या आधारे त्यांचा विचार करावयाचा आहे. सहभोजनाचा आनंद केवळ एकच अन्न सर्वांना मिळण्यात नसून, जेवणाऱ्या प्रत्येकाला रसिक म्हणून मान्यता मिळण्यात आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

१. पंगत : शब्द आणि व्यवस्था

पंगत म्हणजे ओळ. ओळीला आरंभ असतो, शेवट असतो आणि म्हणून क्रमही असतो. ताटातील मिठाची, कोशिंबिरीची व भाजीची जागा जशी ठरलेली, तशीच पारंपरिक पंगतीतील माणसाची जागाही ठरलेली असे. या रचनेला स्वतःचे सौंदर्य आहे, हे नाकारता येणार नाही. पाटरांगोळी, उदबत्तीचा दरवळ, वाढणाऱ्यांची लगबग, यजमानाचा आग्रह आणि जेवणाऱ्याचे लटके नको-नको या सर्वांतून एक सामूहिक नाट्य उभे राहते. मराठी ललित गद्यातील भोजनवर्णनांचा मोठा भाग या नाट्यावर पोसलेला आहे.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजू भाषेनेच नोंदवून ठेवली आहे. ‘पंक्तिपावन’ आणि ‘पंक्तिबाह्य’ ही जोडी पाहावी. त्याहून बोलका शब्द ‘पंक्तिप्रपंच’ हा होय. एकाच ओळीत बसलेल्यांना वाढताना भेद करणे हा त्याचा मूळ अर्थ. पुढे कोणत्याही पक्षपाताला तो लागू झाला. अन्यायाची कल्पना स्पष्ट करण्यासाठी भाषेला जेवणाच्या ओळीतील दृष्टांत जवळचा वाटावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तरीही पंक्तिप्रपंचाची तक्रार ओळीत बसलेल्यालाच करता येते. ओळीबाहेरच्याला तेवढाही अधिकार नसतो. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांची पंगत तर सर्वांच्या मागून बसे. ज्यांच्या हाताला चव, त्यांच्या वाट्याला निवलेले अन्न, ही विसंगती पंगतीच्या रसाळ वर्णनांतून बहुधा निसटते.

२. काला : मालकी विसरणारी चव

पंगतीहून वेगळी अशी सहभोजनाची दुसरी कल्पना वारकरी परंपरेने जतन केली. ती काल्याची. भागवताच्या दशम स्कंधात यमुनेच्या वाळवंटी कृष्णाभोवती गोपाळ कडे करून बसतात. आपापल्या शिदोरीची चव ते एकमेकांना दाखवतात, हसतात आणि हसवतात. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. ओळ जाऊन तिच्या जागी वर्तुळ येते, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची : प्रत्येक गोपाळ आपल्या घरची चव घेऊन येतो आणि ती दुसऱ्याच्या पारखीसाठी पुढे ठेवतो. म्हणजे तो केवळ खाणारा नाही; तो देणारा आहे आणि पारखणाराही आहे.

मराठी काल्याच्या अभंगांनी व कीर्तनांनी या प्रसंगाचा विस्तार करताना एक मार्मिक कल्पना योजिली. काल्याच्या उच्छिष्टासाठी प्रत्यक्ष देव यमुनेत मासे होऊन येतात. परंतु गोपाळ पाण्यात हात न धुता ते अंगालाच पुसतात, आणि देवांची निराशा होते. उष्टे खाणे हे सामाजिक व्यवहारात हीनतेचे लक्षण. येथे त्याच उष्ट्यासाठी देव ताटकळतात. पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीपासून भरणाऱ्या नाथषष्ठीच्या उत्सवाची सांगता अष्टमीला काल्याने होते, आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांचा शेवटही काल्याच्या कीर्तनानेच होतो. दही, लाह्या, पोहे एकत्र कालवले की कोणता घास कोणाचा हे सांगता येत नाही. काल्याची चव या न सांगता येण्यात आहे. परंतु वर्षातून एकदा होणारा काला दररोजच्या जेवणाला कितपत लागू होता, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडलेली कथा पैठणचीच आहे.

३. नाथांच्या घरचा दरवळ

महिपतींनी अठराव्या शतकात ‘भक्तविजय’ व ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांतून एकनाथांची चरित्रकथा सांगितली. तीतील श्राद्धाचा प्रसंग सुपरिचित आहे. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध झाला आहे. त्याचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबापर्यंत पोहोचतो. असे अन्न आपल्या नशिबी कोठले, असे उद्गार निघतात. नाथ ते ऐकतात आणि त्यांना बोलावून गिरिजाबाईंच्या साहाय्याने तृप्त करतात. ब्राह्मण जेवावयास नकार देतात, तेव्हा प्रत्यक्ष पितर येऊन जेवतात.

या कथेकडे सामान्यतः भूतदयेची कथा म्हणून पाहिले जाते. पण दया भुकेला उद्देशून असते, आणि येथे आरंभ भुकेपासून झालेला नाही. तो सुवासापासून झालेला आहे. रस्त्यावरच्या माणसांनी अन्नाला प्रथम दाद दिली आहे. निमंत्रित ब्राह्मण अद्याप आलेले नाहीत, आणि त्या स्वयंपाकाचे पहिले रसिक बाहेर उभे आहेत. नाथांनी ओळखले ते हे रसिकत्व. म्हणूनच ते मागे उरलेले अन्न देत नाहीत. पंगतीसाठी सिद्ध केलेले, कोणीही न उष्टावलेले अन्न आधी त्यांना वाढले जाते आणि श्राद्धासाठी नवा स्वयंपाक होतो. पंगतीचा क्रम येथे उलटतो.

असे असले तरी या प्रसंगात देणारे नाथच आहेत. ही मर्यादा दुसरी कथा ओलांडू पाहते. तीत राण्या महार हा यजमान आहे आणि नाथ पाहुणे. आमंत्रण देण्याचा अधिकार हा सहभोजनातील सर्वांत मोठा अधिकार होय; तो येथे पंक्तिबाह्याकडे जातो. मात्र कथनात एक चमत्कार शिरतो : पाळतीवर असलेल्यांना नाथ एकाच वेळी आपल्या घरी आणि राण्याच्या घरी, अशा दोन्ही ठिकाणी दिसतात. परंपरेला हे जेवण हवे आहे, पण त्याचा पूर्ण स्वीकार करणे जड जात आहे; या द्विधा मनःस्थितीला कथनाने दिलेले हे रूप आहे, असे म्हणता येईल. ही अस्वस्थता शतकांनंतरही ओसरली नव्हती. नाथांच्या जीवनावरील प्रभात कंपनीचा ‘धर्मात्मा’ हा चित्रपट १९३५ साली आला. त्याचे मूळचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरच्या हरकतीमुळे बदलावे लागले.

४. वनभोजन : उलटलेला काला

काल्याचे आधुनिक व निरागस रूप म्हणजे शाळेचे वनभोजन. झाडाखाली बसून डबे सोडणे आणि एकमेकांची भाजी चाखणे यांत गोपाळांच्या शिदोरीचीच आठवण आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनाच्या आरंभी असेच एक वनभोजन येते. सवर्ण मुले वेगळी बसतात, महार मुले वेगळी. आणि जेवणानंतर उरलेसुरले अन्न गोळा करून महार मुलांना दिले जाते. पुढे गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहावयास सांगतात.

हा प्रसंग काल्याच्या प्रतिमेची अचूक उलटापालट आहे. देवांनाही दुर्लभ असलेले उष्टे येथे पुन्हा आपल्या मूळ सामाजिक अर्थाने येते. अन्न मिळते, कदाचित घरच्यापेक्षा चविष्टही असते, आणि भुकेल्या मुलांना ते हवेही असते. तरी ते सहभोजन नव्हे, कारण घेणाऱ्याला निवडीचा, नापसंतीचा किंवा ‘माझ्या डब्यातले चाखून पाहा’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. चोखंदळपणा हा खवय्याचा गुण समजला जातो. येथे मात्र तो कोणाला परवडतो हा प्रश्न उभा राहतो. निबंधाचा तपशीलही वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा आहे. सहलीचा निबंध हा आनंदवर्णनाचा ठरीव साचा. लिहिणारा ओळीत बसला होता, असे तो गृहीत धरतो. ओळीबाहेरच्याला त्या साच्यात शब्द सापडत नाहीत. त्याला त्यासाठी वेगळा वाङ्मयप्रकार शोधावा लागला, आणि तो आत्मकथनाचा होता.

५. चवीचा अपूर्ण इतिहास

विसाव्या शतकात सहभोजन हा सुधारणेचा जाहीर कार्यक्रम झाला. श्रीधरपंत टिळकांनी १९२८ साली पुण्यात गायकवाड वाड्यात घडवून आणलेले सहभोजन किंवा अनंत हरी गद्रे यांचे ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. गद्रे यांच्या कल्पनेतील विशेष असा की, त्यांनी पक्वान्नाऐवजी झुणका-भाकर हाच प्रसाद ठरविला. पंक्तीत सर्वांना घेतानाच पंक्तीचे अन्नही बदलले पाहिजे, ही जाण त्यात आहे.

हीच जाण शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात अधिक विस्ताराने येते. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीचे, चान्या, वजडी अशा पदार्थांचे आणि त्यांच्या कृतींचे हे लेखन आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘माझे खाद्यजीवन’ या लेखाने किंवा कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने घडविलेल्या मराठी खाद्यवाचकाला या ताटाची ओळख नव्हती. पाटोळे यांच्या शीर्षकातील ‘अपूर्ण’ हा शब्द पूर्णब्रह्माच्या संकेताला छेद देतो. पण ग्रंथाचा सूर केवळ अभावाचा नाही. आपल्या घरची चव दुसऱ्यासमोर मांडण्याची कृती त्यात आहे. गोपाळ वर्तुळात बसून करतात तीच ही कृती.

मराठवाड्याच्या लोकजीवनात वर्तुळाचा अनुभव देणारा एक प्रसंग दरवर्षी येतो; तो हुरड्याचा. शेतात आगटी पेटते, कोवळी कणसे भाजली जातात, तळहातावर चोळलेले गरम दाणे, लसणाची चटणी आणि गूळ एवढ्यावर माणसे तासन्‌तास रमतात. ताट नाही, ओळ नाही, आधी-मागून नाही. परंतु राखेतून कणसे काढणारा सालगडी त्या कड्यात बसतो की कड्याबाहेर, यावरच तेथला आनंद काल्याचा की पंगतीचा हे ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पंगत आणि काला ही सहभोजनाची दोन रूपे मराठी मनात शेजारी-शेजारी नांदत आली आहेत. पंगत अन्न देते आणि जागा ठरविते. काला जागा विसरावयास लावतो. सर्वांना वाढले म्हणजे सहभोजन पूर्ण झाले, असे नाही. ज्याला दाद देता येते, नावे ठेवता येतात आणि उद्या आपल्या घरी बोलावता येते, तोच खऱ्या अर्थाने सोबत जेवतो. पैठणच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या कुटुंबाने दरवळाला दाद दिली होती, आणि नाथांनी ती ऐकली होती. ‘भोजनभाऊ’ या शब्दातील ‘भाऊ’ला तेथे प्रथमच त्याचा अर्थ लाभतो.