गादीवाफ्यावरील परसबाग

शेतकऱ्याच्या घरामागे, मोरीपासून गोठ्यापर्यंत, थोडीबहुत मोकळी जागा असतेच. तेथे चार वेल व दोन वाफे भाजी लावावी, असे घरातील गृहिणीस दरवर्षी वाटते. आणि मृगाचा पाऊस पडताच बी टाकलेही जाते. प्रारंभी रोपे जोमाने वर येतात. परंतु आषाढातील झड लागली, की पाने पिवळी पडतात, मिरचीची रोपे माना टाकतात व मेथी जागच्या जागी कुजते. श्रावणात, म्हणजे बाजारात भाजी महाग झालेली असते नेमक्या त्याच वेळी, परसबाग ओसाड होते. मग ती जागा पुन्हा केरकचरा टाकण्याच्या उपयोगी पडते, आणि "आमच्या जमिनीत भाजी होत नाही" असा समज घरात कायमचा रुजतो.

बहुतेक ठिकाणी हा दोष जमिनीचा नसून साचलेल्या पाण्याचा असतो, आणि तो दूर करण्याचा उपाय शेतकऱ्यास अपरिचित नाही. कांद्याचे, मिरचीचे वा तंबाखूचे रोप तो गादीवाफ्यावरच तयार करतो. १९५३ च्या सुमारास जपानी पद्धतीच्या भातशेतीचा देशभर प्रसार झाला, तेव्हा भाताचे रोपही गादीवाफ्यावर करण्याची शिकवण गावोगावी पोहोचली. रोपांसाठी जी काळजी महिना-दीड महिना घेतली जाते, तीच परसबागेतील भाजीसाठी पावसाळाभर घ्यावयाची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

परसबागेची आवश्यकता

निरोगी प्रौढ माणसाच्या आहारात दररोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे असावीत, आणि त्यांत बटाट्यासारखी कंदमुळे धरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. पाच माणसांच्या घरास या हिशेबाने रोज दोन किलो भाज्या व फळे लागतील. सर्वच भाजी विकत घेणे सामान्य कुटुंबास परवडत नाही. म्हणून ताटात भाकरी व आमटी राहते आणि पालेभाजी गळते. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे आढळले. केवळ परसबागेने हा प्रश्न सुटेल असे नव्हे. तथापि माठ, चवळीचा पाला, अंबाडी व शेवग्याचा पाला दारात असेल, तर तो बाजारच्या दिवसाची वाट न पाहता ताटात येतो.

गादीवाफा काय साधतो

माणसाप्रमाणेच मुळांसही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत काही भाग पाणी व काही भाग हवा असते. संततधार पावसात सखल व भारी जमिनीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरून जातात, हवा बाहेर पडते आणि मुळे गुदमरू लागतात. गुदमरलेल्या मुळांना अन्नद्रव्ये उचलता येत नाहीत, म्हणून पाने पिवळी पडतात. ही भूक समजून पुष्कळ जण त्यावर युरिया टाकतात; परंतु जी मुळे जवळचे अन्न घेऊ शकत नाहीत, त्यांना आणखी अन्न वाढून उपयोग काय? पाणी काढून देणे हाच त्यावर उपाय होय. शिवाय अशा ओलीतच रोपे कोलमडविणाऱ्या व मुळे कुजविणाऱ्या बुरशी फोफावतात.

वाफा वीतभर उंच केला म्हणजे जादा पाणी शेजारच्या चरीत उतरते आणि मुळांच्या वरच्या थरात हवा खेळती राहते. त्यावर पाय पडत नसल्याने माती दडपत नाही, हेही दुसरे मोठे कार्य साधते.

उंची किती ठेवावी

वाफ्याची उंची एखाद्या पुस्तकावरून ठरवू नये. ती आपल्या जागेतील पाण्याच्या निचऱ्यावरून ठरवावी. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. जागेच्या मध्यभागी सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. ते पाणी मुरल्यावर खड्डा पुन्हा भरावा आणि या दुसऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवावे. पाणी तीन-चार तासांत मुरले, तर १५ सेंटिमीटर उंची पुरेशी होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल, तर उंची ३० सेंटिमीटरपर्यंत न्यावी व पाणी बाहेर काढणारा चर अवश्य खणावा.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहूनही अधिक पडतो. तेथील जांभ्या जमिनीत पाणी लवकर मुरते, परंतु पावसाबरोबर अन्नद्रव्येही धुपून जातात. म्हणून वाफ्याच्या कडांस चिरे किंवा बांबूच्या कांबी लावाव्यात आणि खत एकदम न घालता थोडे थोडे द्यावे. विदर्भ व मराठवाड्यातील काळ्या भारी जमिनीत निचरा सावकाश होतो. तेथे उंचीची गरज सर्वांत अधिक असते. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागातही सप्टेंबरात मोठा पाऊस पडतो व काळ्या रानात पाणी तुंबते, हे विसरू नये.

मात्र उन्हाळ्यात हाच उंच वाफा चारही बाजूंनी वाळतो व दुप्पट पाणी मागतो. ज्या गावी फाल्गुनानंतर विहिरी आटतात, तेथे उन्हाळी भाजीसाठी सपाट किंवा किंचित खोलगट वाफेच करावेत. पावसाळ्यात उंच व उन्हाळ्यात सपाट, हा क्रम ठेवल्यास श्रम वाया जात नाहीत.

वाफे तयार करणे

दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. अर्ध्या गुंठ्यात ३ मीटर लांब व १ मीटर रुंद असे आठ वाफे बसतात. तथापि पहिल्या वर्षी चारांहून अधिक करू नयेत. रुंदी १ मीटरहून जास्त ठेवू नये, कारण दोन्ही बाजूंनी हात घालून मध्यापर्यंत खुरपणी करता आली पाहिजे. दोन वाफ्यांमध्ये ४५ सेंटिमीटरची वाट सोडावी. जमीन उताराची असल्यास वाफ्याची लांबी उताराला आडवी ठेवावी व वाटांना बेताचा ढाळ द्यावा.

हे काम वैशाखात, मृगापूर्वी उरकावे. ओली काळी माती खणल्यास तिची घट्ट ढेकळे होतात. मूठभर मातीचा गोळा करून तो बोटाने दाबावा. गोळा फुटला तर खणावे, चिकटून राहिला तर थांबावे.

प्रथम खुंट्या रोवून दोरीने आखणी करावी. वाफ्याची जागा कुदळीने ३० सेंटिमीटर खोल खणून दगड, हरळीच्या काड्या व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. नंतर वाटेतील वरची १० सेंटिमीटर माती फावड्याने वाफ्यावर ओढावी. एका वाटेची ही माती वाफ्यावर साडेचार सेंटिमीटर जाडीचा थर देते आणि वाट १० सेंटिमीटर खोल जाते. खणल्याने फुगलेली माती व खत मिळून वाटेच्या तळापासून वाफा सुमारे २० सेंटिमीटर उंच होतो. याप्रमाणे बाहेरून माती विकत आणण्याची गरज पडत नाही. अधिक उंची हवी असल्यास वाट आणखी खोल करावी.

प्रत्येक वाफ्यास १० ते १५ किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. कच्चे शेण कधीही घालू नये. त्यामुळे हुमणी व वाळवीचा उपद्रव वाढतो. शेवटी वाफ्याचा माथा सपाट करावा, नाहीतर पाणी एका कोपऱ्यात साचून बी वाहून जाते.

वाटांतील पाणी जेथे एकत्र येते, त्या खालच्या टोकास अळू व केळ लावावी. त्यांना ओल मानवते. पपई मात्र तेथे लावू नये, कारण साचलेल्या पाण्याने तिचे बुंधे कुजतात. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी वाफ्यांत सोडू नये. त्याने जमीन कडक होते.

कोणत्या वेळी काय लावावे

मृगात चार वाफ्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिल्या वाफ्यात भेंडी, दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे सुमारे २० झाडे बसतात. 'परभणी क्रांती' अथवा 'अर्का अनामिका' यांसारखा, हळद्या रोगास दाद न देणारा म्हणून निवडलेला वाण घ्यावा. दुसऱ्या वाफ्यात वांगी, ६० सेंटिमीटर अंतरावर दहा रोपे. तिसऱ्यात गवार व चवळी. चौथ्यात माठ, राजगिरा व अंबाडी. परंतु सर्व बी एकाच दिवशी न टाकता दर पंधरा दिवसांनी वाफ्याचा तिसरा भाग पेरावा. एकदम पेरलेली भाजी एकदम तयार होते; आठवडाभर ती पुरून उरते आणि मग महिनाभर घरात भाजी नसते.

दोडका, कारली व दुधी यांचे वेल उत्तरेकडील बाजूस मांडवावर चढवावेत, म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही. शेवगा व कढीपत्ता कुंपणालगत लावावा.

मेथी, पालक व कोथिंबीर यांस मुसळधार पाऊस सोसत नाही. पावसाचा जोर ओसरल्यावर त्या पेराव्यात. मेथी साधारण महिन्याने काढणीस येते. त्याच सुमारास टोमॅटो, मुळा, गाजर व फुलकोबीचा हंगाम सुरू होतो. वांगी, मिरची व टोमॅटो ही एकाच कुळातील पिके आहेत. त्यांच्यामागे त्याच वाफ्यात त्यांपैकीच दुसरे पीक घेऊ नये. तेथे चवळी, घेवडा अथवा पालेभाजी घ्यावी.

निगा

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. उगवणीनंतर दाट रोपांची विरळणी करावी व नांगे भरावेत. पाऊस उघडल्यावर पाणी सकाळी द्यावे आणि वाफ्यावर वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट पसरावे. ओल टिकते व तणही कमी होते.

मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांसाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क पुरेसा होतो. अर्धा किलो निंबोळीची कुटलेली गिरी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून एकूण दहा लिटर पाणी करावे व संध्याकाळी फवारावे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसताच उपटून नष्ट करावे. पांढरी माशी तो रोग पुढच्या झाडावर नेते. उद्या ताटात येणाऱ्या पालेभाजीवर विषारी औषध कदापि मारू नये.

भेंडी व गवार एक दिवसाआड तोडावी. शेंगा झाडावर जून झाल्या, की नवीन फूल धरणे मंदावते. पहिल्या हंगामाअखेर वाफा थोडा खाली बसतो; त्यावर दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट घातले, की उंची पूर्ववत होते.

पहिल्या वर्षाची नोंद

चांगले बी व खताविषयीचा सल्ला जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळू शकेल. परंतु आपल्या परसातील पाण्याचा स्वभाव घरच्या माणसांखेरीज कोणासही ठाऊक होणार नाही. म्हणून मोठा पाऊस थांबल्यावर घरातील कोणीतरी वाटांमधून एक फेरी मारावी. पाणी कोठे तुंबले, ते किती वेळ राहिले, कोणत्या वाफ्यातील भाजी पिवळी पडली व कोणती टिकली, हे शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत लिहून ठेवावे. पुढील वैशाखात खुंट्या व दोरी हाती घेण्यापूर्वी ती वही वाचावी, जेथे पाणी राहिले तेथे वाफा चार बोटे वाढवावा, आणि मगच उरलेले चार वाफे आखावेत.