परकायाप्रवेश आणि परग्रहवासी : देहाच्या स्वामित्वाचा प्रश्न

हॅल क्लेमंट यांच्या ‘नीडल’ (१९५०) या इंग्रजी विज्ञान-कादंबरीतील परग्रहवासी एका किशोराच्या शरीरात त्याच्या नकळत शिरतो. पळून आलेला स्वजातीय गुन्हेगार अन्य कुणाच्या देहात दडलेला आहे. त्याच्या शोधासाठी त्याला या मुलाचा आधार हवा असतो.

मराठी वाचकास ही कल्पना अपरिचित नाही. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’नुसार चांगदेव राऊळांनी द्वारावतीस देहत्याग करून गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळाच्या मृत देहात प्रवेश केला, तेच पुढे श्रीचक्रधर. परंतु हे साम्य वरवरचे आहे. हरिपाळाचा देह रिकामा असला तरी त्याचे नातेसंबंध रिकामे नाहीत. पत्नी कमळाइसा, संसार, द्यूतातील देणे हे सारे नव्या स्वामीच्या वाट्यास येते. येथे प्रश्न वारशाचा आहे.

क्लेमंट यांच्या कथेत देहाचा मूळ स्वामी जिवंत आहे. म्हणून प्रश्न संमतीचा होतो. परग्रहवासी मुलाच्या जखमांतील रक्तस्राव आतून थोपवितो; पण उपकाराने संमतीची उणीव भरून निघते काय? तो स्वतःची ओळख देतो, तेव्हाच आश्रयदाता सहकारी होऊ शकतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यास ‘अंगात येणे’ हा शब्दप्रयोग घरचाच आहे. तेथे येणारा काही काळापुरता येतो, आणि भोवतालचा समाज साक्षी राहून त्याला प्रश्न विचारतो. वारसा, संमती व साक्ष या तीन कसोट्या लावल्यास अशी कादंबरी केवळ अद्भुतरम्य म्हणून बाजूस सारता येत नाही. देह कोणाचा आणि त्याच्या कृतीचे उत्तरदायित्व कोणाचे, हा तिचा खरा विषय ठरतो.