जे आधी होईल ते

कोथरूडमधल्या माझ्या घरापासून शाळा तीन किलोमीटरवर. डिझेलची लहान गाडी सकाळी शाळेत जायची, दुपारी घरी यायची, मधे कधीतरी मंडईत. दोन वर्षांत ती जेमतेम सहा हजार किलोमीटर चालली. ऑइल दहा हजारांनी बदला, असं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं. म्हणजे अजून चार हजार हातात आहेत, असा माझा हिशेब. त्याच ओळीत पुढे ‘किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असंही छापलं होतं. ते मी वाचलं आणि सोडून दिलं.

मे महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो. खंबाटकीच्या चढावर गाडीचा जोर एकाएकी गेला, मागे निळसर धुराचा लोट उठला आणि समोर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा पेटला. तो पेटला की गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करायचं असतं. ‘एवढा घाट चढून जाऊ’ म्हणत मी ती तशीच रेटली.

गॅरेजात चेंबर उघडल्यावर मेकॅनिकनं आतून बोट फिरवून दाखवलं. डांबरासारखा काळा गाळ! ऑइल पंपाची जाळी त्यानं जवळजवळ बुजली होती आणि तेलावाचून टर्बो खलास झाला होता. “ताई, गाडी कमी फिरली म्हणून ऑइल जास्त टिकत नाही,” तो म्हणाला. बिल ऐंशी हजारांच्या वर गेलं. वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलला असता, तर साडेतीन-चार हजारांत भागलं असतं.

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ आणि न जळलेलं इंधन पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल नीट तापतं आणि हे पाणी उडून जातं. तीन किलोमीटरच्या फेरीत ते तापायच्या आतच इंजिन बंद होतं. पाणी, काजळी आणि इंधन साठत जातं, ऑइलमधली झीज रोखणारी आणि मळ धरून ठेवणारी रसायनं संपत जातात, आणि मग गाळ धरतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. त्याला तेलाचा क्षणभराचा खंडही सोसत नाही.

म्हणूनच अनेक पुस्तिकांत ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास चालू इंजिन, धुळीचे रस्ते हे सगळं त्यात येतं आणि मुदत बऱ्याचदा निम्म्यावर आणलेली असते. हिंजवडीला रोज कोंडीतून जाणारी गाडी याच तक्त्यात बसते. तो तक्ता शोधून वाचाच.

याउलट दर तीन हजारांनी ऑइल बदलायचा जुना दंडकही आता बहुतेक गाड्यांना लागू नाही. आजच्या इंजिनांत सिंथेटिक ऑइल त्याहून बरंच जास्त टिकतं. डिझेल गाडीचं ऑइल काळं दिसतंय, एवढ्यावरूनही निकाल देऊ नये. काजळी पोटात घेऊन ते थोड्याच दिवसांत काळं पडतं, ते त्याचं कामच आहे.

पातळी मात्र महिन्यातून एकदा बघावी. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून डिपस्टिक पुसायची, पुन्हा घालून काढायची. तेल दोन खुणांच्या मधे हवं. बीएस-6 डिझेल गाडीत पातळी वाढलेली दिसली, तर तीही धोक्याची खूण. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असताना गाडी वारंवार मधेच बंद झाली, की डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. अशा गाडीला कमी राखेचं, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचंच ऑइल लागतं. डब्यावरचं 5डब्ल्यू-30 जुळलं म्हणून कुठलंही चालत नाही.

माझी गाडी आजही वर्षभरात कमीच चालते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घेते, आणि दर रविवारी सकाळी गाडी खेड शिवापूरपर्यंत नेऊन आणते.