टॅबवर व्हिडिओ दाखवताना बोटं आणि पट्ट्या कशा आवरायच्या

वर्धा जिल्ह्यात टॅब एकाच्या हातात राहत नाही. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेकडून जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी थोरलीला मिळालेला टॅब संध्याकाळी धाकट्याकडे जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका टॅबभोवती मुलं खेटून बसतात. देवळी-हिंगणघाटच्या कापूसपट्ट्यात पऱ्हाटीवरच्या गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ लागला की शेजारपाजारचेही वाकून पाहतात. आणि नेमकी डोमकळी दाखवायची वेळ आली की कुणाचं तरी बोट लागतं. खालून-वरून पट्ट्या उमटतात, व्हिडिओ पुढे पळतो, नाहीतर भलतीच जाहिरात उघडते. डोमकळी म्हणजे आत अळी शिरल्यामुळे पाकळ्या न उमलता मिटून राहिलेलं फूल. ते ओळखून तोडून नष्ट करायचं असतं. ते दृश्य दोन-तीन सेकंदांचं, आणि तेच हुकलं तर व्हिडिओ पाहून उपयोग काय?

हे टाळता येतं, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. टॅबच्या सेटिंगमध्ये सगळं आहे. फक्त कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने करायची ते कळलं पाहिजे, कारण क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी पट्ट्या ओळखा

पडद्यावर येणाऱ्या पट्ट्या तीन, आणि त्यांचे मालक दोन. सगळ्यात वरची पट्टी टॅबची स्वतःची: घड्याळ, बॅटरी, नेटवर्क, आलेले मेसेज. सगळ्यात खालची पट्टीही टॅबचीच: मागे जाणं, घरच्या पानावर जाणं, उघडलेली ॲप पाहणं. या दोघींच्या मध्ये येते ती व्हिडिओच्या ॲपची पट्टी: थांबवा, पुढे न्या, मागे न्या, पूर्ण पडदा करा.

व्हिडिओ पूर्ण पडद्यावर घेतला की तिन्ही लपतात. ॲन्ड्रॉइडमध्ये ही सोय २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून नीट आली. पडद्याच्या मध्यावर बोट टेकलं तर ॲपची पट्टी येते आणि दोन-चार सेकंदांत आपोआप जाते. कडेवरून आत बोट ओढलं तर टॅबच्या पट्ट्या येतात. म्हणजे कोणती पट्टी आली यावरून बोट कुठे लागलं ते कळतं. कडेच्या पट्ट्या सारख्या येत असतील तर दोष टॅब धरणाऱ्याच्या अंगठ्याचा असतो. यावर पहिला उपाय सेटिंगमध्ये शोधूच नका. टॅब हातात न धरता पुस्तकाच्या स्टँडवर किंवा भिंतीला टेकवून ठेवा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

मुलं किंवा माणसं जमण्याआधीची तयारी

व्हिडिओ आधी डाउनलोड करून घ्या. दीक्षा ॲपवरचे धडे डाउनलोड होतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धडा उघडा, उतरवून ठेवा, मग वर्गात न्या. नेट लागत नाही, लाइन गेली तरी धडा थांबत नाही.

मग वरची पट्टी खाली ओढून तीन गोष्टी करा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करा, म्हणजे मेसेज डोकावणार नाहीत. पडदा आपोआप फिरणं बंद करा. ब्राइटनेस हाताने ठरवून ठेवा. यूट्यूबवर दाखवणार असाल तर ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर बोंडअळी संपताच भलताच व्हिडिओ सुरू होतो.

पडदा पुसा. टॅबचा पडदा बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतभाराने स्पर्श ओळखतो, दाबाने नाही. म्हणून ओला हात, घामाचा थेंब किंवा पाण्याचा ओघळही त्याला बोट वाटू शकतो. शेतातून आलेल्या माणसाने हात पुसूनच टॅबला लावावा. कोरड्या मऊ कपड्याने पुसलेला पडदा बरेच खोटे स्पर्श टाळतो.

ॲप पिन करणं: बाहेरचं कुलूप

ॲन्ड्रॉइडच्या टॅबमध्ये ‘ॲप पिनिंग’ नावाची सोय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. काही कंपन्यांनी तिला ‘पिन ॲप’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ म्हटलं आहे. ती बहुधा ‘सिक्युरिटी’ विभागात आत कुठेतरी असते. सापडली नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधचौकटीत ‘पिन’ टाइप करा. ती सुरू करताना त्याखालचा पर्यायही सुरू करा: पिन काढण्याआधी टॅबचा कोड विचारावा. हा पर्याय बंद ठेवला तर पिनला अर्थ नाही, कारण दुसरीतलं पोरही दोन दिवसांत ती काढायला शिकतं.

आता क्रम. व्हिडिओचं ॲप उघडा आणि पाहिजे त्या व्हिडिओपर्यंत जा, पण अजून पूर्ण पडदा करू नका. उघडलेल्या ॲपांची यादी आणा (तीन बटणं असतील तर चौकोनी किंवा तीन रेघांचं बटण, बोट ओढण्याची पद्धत असेल तर खालून वर ओढून क्षणभर थांबा). यादीत त्या ॲपच्या चित्राच्या वर छोटं चिन्ह दिसेल. त्यावर टेकवलं की ‘पिन’ असा पर्याय येतो. तो निवडा. त्यानंतर व्हिडिओ सुरू करा आणि मग पूर्ण पडदा करा. उलट क्रमाने गेलात, आधी पूर्ण पडदा आणि मग यादी, तर व्हिडिओ थांबतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

पिन झाल्यावर ‘होम’ चालत नाही, दुसऱ्या ॲपवर सहजी जाता येत नाही, जाहिरातीवर बोट पडलं तरी ब्राउझर बहुधा सुरू होत नाही. गटाने पाहताना हेच सगळ्यात मोलाचं. काढायचं असेल तेव्हा तीन बटणांच्या टॅबवर ‘मागे’ आणि ‘यादी’ ही दोन बटणं एकदम दाबून धरायची. बोट ओढण्याच्या टॅबवर खालून वर ओढून धरायचं. मग कोड. कोड चुकत असेल, गोंधळ झाला असेल, तर टॅब बंद करून पुन्हा सुरू करा, पिन निघून जाते. कुलूपबंद टॅबचा कोड मात्र तेव्हाही लागेलच.

व्हिडिओ लॉक करणं: आतलं कुलूप

पिनमुळे ॲपबाहेर जाता येत नाही, पण ॲपच्या आत बोट चालतंच. व्हिडिओ पुढे पळवणं, थांबवणं सुरूच राहतं. त्यासाठी ॲपचं स्वतःचं कुलूप वापरा. व्हीएलसी आणि एमएक्स प्लेयरमध्ये पट्टीवर कुलपाचं चिन्ह असतं. यूट्यूबमध्ये व्हिडिओवर टेकवून दातेरी चाकाच्या चिन्हात ‘लॉक स्क्रीन’ सापडतं. ते लावलं की पडद्यावर कुठेही बोट लागलं तरी पट्टी येत नाही, फक्त कुलूप उघडण्याचं बटण येतं.

व्हीएलसीमध्ये पडद्याच्या डाव्या बाजूला बोट वर-खाली फिरवलं की उजेड बदलतो, उजवीकडे आवाज. गर्दीत हे सतत होतं आणि ‘टॅब बिघडला’ अशी समजूत होते. व्हीएलसीच्या सेटिंगमधल्या व्हिडिओ विभागात हे इशारे बंद करता येतात. यूट्यूबवर पडद्यावर बोट दाबून धरलं की व्हिडिओ दुप्पट वेगाने धावतो. घरातल्या आजोबांना निवेदक भरभर बोलतोय असं वाटलं, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये शोधू नका. त्यांचा अंगठा पडद्यावर टेकलेला असतो, तो उचलायला सांगा.

‘टच लॉक’ नावाची ढीगभर ॲप प्ले स्टोअरवर आहेत. ती टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातली बरीचशी ‘इतर ॲपवर दिसण्याची’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ज्या टॅबवर यूपीआय, बँक किंवा घरातल्यांची कागदपत्रं आहेत, त्यावर अनोळखी ॲपला पडदा वाचण्याची मुभा देणं धोक्याचं आहे. पिन आणि ॲपचं कुलूप मिळून पुरेसं होतं.

आयपॅड असेल तर

इथे काम अधिक पक्कं होतं. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि त्यात ‘गाइडेड ॲक्सेस’ सुरू करा, पासकोड ठेवा. ॲपलने ही सोय २०१२ मध्ये आणली. व्हिडिओ लावून वरचं बटण (जुन्या आयपॅडवर होम बटण) तीनदा भराभर दाबा. आता पडद्याचा जो भाग बंद करायचा त्याभोवती बोटाने गोल काढा. उदाहरणार्थ खालची पट्टी झाकून टाका, पण मधला भाग मोकळा ठेवा. पर्यायांमध्ये स्पर्श पूर्णच बंद करता येतो, आवाजाची बटणं बंद करता येतात, वेळेची मर्यादाही घालता येते. ‘स्टार्ट’ केलं की झालं. सोडवायला पुन्हा तीनदा तेच बटण आणि पासकोड. हा पासकोड टॅबच्या पासकोडपेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून तो शाळेच्या किंवा घरच्या वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या एकालाही सांगा.

पट्टी लवकर पळते त्यांच्यासाठी

आतापर्यंत पट्टी नको असलेल्यांचं झालं. पण गावात उलटी तक्रारही तेवढीच ऐकू येते: थांबवायचं असतं, बोट नेईपर्यंत पट्टी गायब. वयस्क माणसाचं बोट हळू चालतं, हात थरथरतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आहे. तिथे पट्टी किती वेळाने लपावी ते ठरवता येतं, किंवा कधीच लपू नये असंही सांगता येतं. ॲन्ड्रॉइडच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये बोट किती वेळ टेकल्यावर ‘दाबून धरलं’ असं मानायचं, तेही वाढवता येतं. सॅमसंगच्या टॅबवर लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करण्याचा पर्याय आहे, आणि आयपॅडवर ‘टच अकॉमोडेशन्स’ याच कामाचे. मात्र आजोबांना हे सगळं स्वतः करायला सांगू नका. एकदा बसून तुम्ही लावून द्या.

टॅब अचानक मोठ्याने बोलायला लागला आणि दोनदा टेकवल्याशिवाय काहीच उघडत नसेल, तर ‘टॉकबॅक’ चालू झालं आहे. आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरल्यावर ते चालू-बंद होतं. एकत्र पाहताना टॅब पकडणाऱ्याच्या बोटांनी हे नकळत होतं. पुन्हा तसंच दाबा, बंद होईल.

उन्हाळा, चार्जर आणि आपोआप चालणारी बोटं

कुणी हात न लावताही पट्टी येत असेल, तर बघण्याच्या गोष्टी वेगळ्या. पहिली चार्जर. स्वस्त किंवा सैल चार्जरमुळे पडद्याला खोटे स्पर्श जाणवतात. चार्जर काढून पाहा. थांबलं, तर कारण तेच. दुसरी, तडा गेलेली किंवा कडेने उचललेली काच. तिसरी, ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि ॲपल आपले आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. तापलेला टॅब उजेड कमी करतो, चार्ज घेत नाही, स्पर्श चुकवतो. विदर्भातल्या शाळा याच उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. टॅबलाही तीच सवलत द्या: उन्हात ठेवू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नको, सावलीत कव्हर काढून थंड होऊ द्या. ॲन्ड्रॉइडचा टॅब अडकलाच तर बहुधा पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की तो पुन्हा सुरू होतो.

कुलूप कधी उघडायचं

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकणाऱ्या नई तालीमची रूपरेषा तिथे ठरली. सेवाग्रामच्या या भूमीवर मुलाच्या बोटाला नुसतं गप्प बसवणारी शिकवणी मला पटत नाही. कुलूप पहिल्या पाहण्यापुरतं असावं. सगळ्यांनी व्हिडिओ एकदा शांतपणे पाहिला की कुलूप काढा आणि टॅब मुलांच्या हाती द्या. डावीकडे दोनदा टेकवलं की यूट्यूब दहा सेकंद मागे जातं, मध्यावर एकदा टेकवून पट्टी आणली की थांबवता येतं: या दोन गोष्टी प्रत्येकाला शिकवा. शेतकऱ्याला डोमकळी दिसली की त्याने स्वतः थांबवून, दोन बोटांनी चित्र मोठं करून, आपल्या शिवारातल्या फुलाशी ताडून पाहावं. त्याच व्हिडिओत एकरी दोन म्हणजे हेक्टरी पाच कामगंध सापळे आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग ही धोक्याची पातळी सांगितलेली असेल, तर त्या ठिकाणी थांबून वहीत आकडा उतरवून घ्यावा.

शाळेत, अंगणवाडीत किंवा गावच्या बैठकीत टॅब नेणाऱ्या प्रत्येकाने पिन आणि कोड आदल्या दिवशी घरी एकदा लावून आणि काढून पाहावा, आणि कोड निदान आणखी एका माणसाला माहीत असू द्यावा.