छतातला दिवा तापतोय? वेळीच ओळखा



कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात हल्ली घरात पीओपी किंवा पीव्हीसीचं छत करून त्यात गोल दिवे बसवतात. पत्र्याच्या खोल्यांत तर उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून वर थर्माकोलही घालतात. दिसायला छान, पण दिव्याची मागची बाजू आपल्याला दिसत नाही आणि उष्णता तिथेच साठते.

दिवा का तापतो?
जुना हॅलोजन 50 वॅटचा असतो. त्यातल्या बहुतेक विजेची उष्णताच होते. एलईडी कमी तापतो, पण तापतो. मागे थर्माकोल किंवा कचरा असेल तर उष्णतेला वाट मिळत नाही. साध्या वायरचं आवरण साधारण 70 अंशांपर्यंतच टिकतं. त्यापुढे ते खराब होत जातं.

"एमसीबी आहे की, पडेल," असं आपण म्हणतो. पण एमसीबी जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तरच पडते. दिवा नुसता तापलेला तिला कळत नाही. म्हणून लक्ष आपणच ठेवायचं.

या खुणा बघा
• दिवा आपोआप बंद होतो, थंड झाला की पुन्हा लागतो.
• दिव्याभोवती छत पिवळं किंवा तपकिरी पडतं.
• जळका वास येतो.
• नवा दिवाही लवकर जातो.

काय करायचं?
1. बटण बंद करा. दुरुस्तीपर्यंत तो दिवा लावू नका.
2. वास किंवा ठिणगी असेल तर मेन स्विच बंद करा. पाणी मारू नका. आग दिसली तर सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा.
3. लायसन्स असलेला वायरमन बोलवा. दिव्यामागची जागा मोकळी करून घ्या. वायरचे जोड नुसते टेप गुंडाळून न सोडता बंद डबीत घ्यायला सांगा.
4. हॅलोजन काढून एलईडी लावा. 50 वॅटचे चार दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला 30 युनिट जातात. 7 वॅटच्या चार एलईडीला साधारण 4 युनिट पुरतात.

खोली भाड्याची असेल तर मालकांना लगेच सांगा. आपणच खोल्या भाड्याने दिल्या असतील तर भाडेकरूंच्या खोल्याही तपासा.

गटासाठी काम: पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने घरातले छतातले दिवे मोजा, वरच्या चार खुणा तपासा आणि बैठकीत सांगा.